थंडी शे का?

ऑक्टोबरच्या उकाड्यात भर दुपारी एखादा म्हातारा घामाने निथळत वाचनालयात शिरतो, छत्री मिटून काउंटरला टेकवतो आणि विचारतो, "माय, थंडी शे का?" म्हणजे थंडी आहे का, तेव्हा समोरच्या माणसाने काय समजावं? मी माठातलं पाणी दिलं. नानांनी ते घटाघटा पिऊन पेला परत केला.

"पानी नही. पुस्तक पाहिजे. प्रेमनं. पन त्यामां थंडी पाहिजे."

आमचं वाचनालय वडिलांनी काढलेलं, आता मी चालवते. ते चालतं दिवाळी अंकांवर आणि पंख्याखाली बसायला येणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांवर. प्रेमकथांचं एक कपाट आहे, ते बायका रिकामं करतात आणि विचारलं तर "सासूबाईंना हवंय" म्हणतात. पांढरी टोपी घातलेल्या, सत्तरी गाठलेल्या माणसाने प्रेमाचं पुस्तक असं खणखणीत आवाजात मागितल्याचं मला आठवत नाही. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी माना वर केल्या. ती मुलं एरवी छत कोसळलं तरी मान वर करायची नाहीत.

नाना म्हणजे हिरामणनाना, आमच्या शेजारच्या घरातले. तापीकाठी, चोपड्याच्या बाजूला त्यांची केळीची बाग. उभा जन्म त्या बागेत गेला. गेल्या उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगा सुनील म्हणाला, आता बागेत पाऊल ठेवायचं नाही. गावचं घर मुलाकडे आणि दवाखाना जवळ म्हणून नाना आणि त्यांच्या मंडळी जळगावच्या घरात, अशी वाटणी झाली. पहिले काही महिने नाना ओट्यावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या केळीच्या ट्रकांना नावं ठेवत होते. घड कोवळा तोडला, पाला नीट घातला नाही, वगैरे. त्या माणसाला एकदम प्रेमाचं वाचन सुचावं, हे काही मला कळेना.

पुस्तक निवडण्याची त्यांची रीतही वेगळी. मुखपृष्ठ, लेखकाचं नाव, शेवट गोड की कडू, कशाकडे बघायचं नाही. पुस्तक मध्येच उघडायचं, उभ्याउभ्याच दोन पानं वाचायची आणि निकाल द्यायचा. "पाऊस शे. नको." एका कादंबरीतली जोडी समुद्राच्या वाळूत बसलेली निघाली, ती त्यांनी चिमटीत धरून परत केली. मी मोठ्या उत्साहाने काश्मीरची एक काढून दिली. त्यात पहिल्या पानापासून बर्फ.

"बर्फबी नको. आपलाकडे बर्फ पडस का?" नाना म्हणाले. "आपली थंडी पाहिजे. जशी आठे पडस तशी."

माझा स्वभाव चौकस आहे. आई त्याला दुसरा शब्द वापरते. मी मनातल्या मनात अंदाज बांधायला लागले. नाना स्वतः कादंबरी लिहिताहेत? की तरुणपणचं काही प्रकरण ह्या वयात आठवतंय, तेही नेमकं हिवाळ्यातलं? दुसरा अंदाज मला जास्त आवडला, म्हणून मी त्याच्यावर बरेच दिवस काढले.

शेवटी एक कादंबरी पसंत पडली. नाशिककडचं एक गाव, द्राक्षाचे मळे, डिसेंबर, एक शाळामास्तर आणि एक डॉक्टरीण. आठवड्याने नाना ती घेऊन आले ते चेहरा आंबट करूनच.

"गुलाबी थंडी म्हनस हाऊ लेखक. थंडी गुलाबी कोठे राहस? थंडी पिवळी राहस. पहिले पान पिवळं पडस, मंग काळं."

हे केळीचं बोलणं होतं. आमच्याकडे थंडी जास्त झाली की केळीला चरका बसतो. पानं पिवळी पडतात, करपतात, घड पोसायचे थांबतात. सगळं जग ज्या थंडीची वाट बघतं, तिला आमचा केळीवाला घाबरून असतो.

"आनि हाऊ मास्तर देख," नाना पान काढून दाखवत म्हणाले. "कडाकानी थंडी पडेल शे, आनि हाऊ गच्चीवर उभा राहीसन पोरीसंगे चांदन्या मोजी राहिना. मळाले पानी कोन दी? याना बाप?"

"नाना, तो मास्तर आहे. मळा त्याचा नाही."

"मंग ज्याना शे तो कोठे शे? त्यानं एक पान तरी लिखानं."

हे मात्र मला पटलं. त्यानंतर मी ते कपाट जरा वेगळ्या नजरेने चाळलं. आपल्याकडे प्रेम करायचं म्हटलं की लेखक आधी थंडी पाडतो. धुकं आणतो, दोघांत एकच शाल ठेवतो, गेस्ट हाऊसमध्ये एकच खोली शिल्लक राहते. त्या थंडीत कुणाचं नाक गळत नाही, कुणाच्या टाचा फुटत नाहीत. जळगावचा मे महिना तर त्या कपाटात कुठेच नाही, आणि का नाही ते आम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात आमच्याकडे नायकाने हात धरला तर नायिका म्हणेल, सोड, आधीच जीव चाललाय.

तरीही नाना पुस्तकं नेत राहिले. दिवाळी झाली, हवा पालटली, आणि एका सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून अक्कांनी मला हाक मारली. अक्का म्हणजे नानांच्या मंडळी. अंगाने भरलेल्या, बोलण्यात तडक, आणि एका जागी उभं राहून बोलणं त्यांना माहीत नाही. त्या मेथी निवडत निवडतच भिंतीपाशी आल्या.

"माय, तू काय वाचाले देस त्यासले?"

"का हो अक्का?"

"त्या दवाखानावाल्यासनी भूल दिन्ही ना, ती डोकामां चढेल शे असं वाटस माले. काल कॉफी करी आनी. माले म्हने, पी. मी म्हनं, चहानी पत्ती सरनी का? तं तोंड फिराई लिन्हं. आज सकाळमां मेथी तोडी राहिन्थू, तं मांगून ईसन खांदावर शाल टाकी. मी म्हनं, सत्कार करी राहिनात का मना? मंग नारळ कोठे शे?"

मला हसू आवरेना. अक्का मात्र हसत नव्हत्या. त्यांना खरंच काळजी वाटत होती. "आते मी सुरतले जासू, मांगे यासनं कोन देखी?" असं म्हणून त्या मेथी घेऊन आत गेल्या.

अक्का दर हिवाळ्यात सुरतेला जातात, त्यांच्या मुलीकडे, रेखाकडे. तुळशीचं लग्न लागलं की बॅग भरायची आणि होळीला परत यायचं. गावी राहत तेव्हाही गाडी धरायला आदल्या दिवशी ह्याच घरी मुक्काम, त्यामुळे आमच्या गल्लीत हे इतकं ठरलेलं की अक्कांची रिक्षा स्टेशनकडे निघाली की बायका कपाटातून स्वेटर काढतात. त्यांची लाल बॅग तेव्हाही दाराशी येऊन उभी होती. मी ती बॅग बघितली आणि मनात दोन गोष्टी जोडल्या गेल्या, पण खात्री करून घेतल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

संध्याकाळी नाना वाचनालयात आले तेव्हा मी सरळच विचारलं. "नाना, खरं सांगा. ही थंडीची पुस्तकं कशासाठी?"

नानांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. स्पर्धा परीक्षेची मुलं गेलेली आहेत याची खात्री केली.

"माय, थंडीमां लोके घरमां बसीसन करतस काय, ते माले माहीत नही."

त्यांनी हळूहळू सांगितलं. लग्न झालं त्या पहिल्याच हिवाळ्यात कडाका पडला. बाग वाचवायची तर रात्रभर बागेत राहावं लागतं. पाणी द्यायचं, आणि बांधाबांधाने ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, म्हणजे धुराचं पांघरूण बागेवर राहतं आणि चरका बसत नाही. जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर. त्या धुरात नानांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. लांबलांबचे लोक बोलवायला यायचे. त्यामुळे थंडी पडली की नाना बागेत आणि अक्का घरात, असं जन्मभर चाललं. मुलं लहान होती तोवर अक्कांनी घर धरलं. रेखा सुरतेला दिली आणि एका वर्षी अक्का म्हणाल्या, तुमी तं बागमां, मी आठे कोनाकरता बसू? तेव्हापासून सुरत.

"तवय ती खरंच बोलनी व्हती," नाना म्हणाले. "मी काय बोलू? पन यंदा मी घर शे. बठ्ठी, पुरी थंडी घर शे. ते तिले सांगानं कसं? म्हनीसन म्हनं, पुस्तकमां देखू."

"नुसतं सांगा ना, थांब म्हणून."

"आजलगून कधी सांगं नही, माय. आते कोनत्या तोंडे सांगू?"

माझा चौकसपणा त्या संध्याकाळी पुरता विरघळला. म्हातारा अभ्यास करत होता. बायकोने हिवाळ्यात घरी थांबावं म्हणून काय करायचं असतं, ते तो माझ्या कपाटातून शिकत होता. कॉफी आणि शाल दोन्हींत नापास झाला होता, आणि लाल बॅग दाराशी उभी होती. मी सगळी कामं टाकून त्यांना पुस्तक शोधून दिलं. त्यात नायक अंगणात शेकोटी पेटवतो, नायिका येऊन शेजारी बसते, आणि तिची परतीची गाडी चुकते. नानांनी ते पान तिथेच वाचलं आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

"हाई जमी. आग पेटाडानं माले कोन शिकाडी?"

अक्कांची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. मी घरी येऊन हातपाय धुते तोच नानांनी भिंतीवरून हळूच हाक मारली आणि अंगणात बघायला बोलावलं. मी गेले. न जाणं माझ्याच्याने झालंच नसतं.

अंगणाच्या मधोमध नानांनी ढीग रचला होता. खाली वाळका कचरा, वर नारळाच्या झावळ्या, वर शेजाऱ्यांच्या बागेतला कापलेला ओला गवत-पाला. रचना अशी देखणी की मोडू नये. नानांनी वाकून बुडाला काडी लावली, आत धग धरल्याचा आवाज आला, आणि तांब्यातलं पाणी घेऊन नाना वरून हलक्या हाताने शिंपडायला लागले. शेकोटीवर पाणी शिंपडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, ही जाणत्या माणसाची काही खास रीत असेल.

मग धूर आला. धूर म्हणजे तो धुरासारखा वर गेलाच नाही. जाड, पांढरा, जमिनीला धरून पसरत गेला. अंगण भरलं, ओटा भरला, फाटकातून गल्लीत उतरला. समोरच्या पारसभाऊंचं किराणा दुकान दिसेनासं झालं, फक्त त्यांचा खोकला ऐकू येत होता. मग त्यांचा आवाज आला, "अरे कुणी अग्निशामकला फोन करा रे, नानांच्या घरी काहीतरी झालंय." कुणाची तरी स्कूटर विजेच्या खांबाला हळूच जाऊन टेकली. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि त्या धुरात नाना कंबरेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"देख, कसा बठना. एक पान करपाव नही," ते म्हणाले.

तेवढ्यात अक्का नाकाला पदर लावून बाहेर आल्या. हातात सुरतेला न्यायच्या चिवड्याचा डबा होता. त्यांनी अंगणाकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं, नवऱ्याच्या हातातल्या तांब्याकडे बघितलं.

"आठे केळी कोठे शे?" अक्का म्हणाल्या.

नानांचा हात खाली आला. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं. इतक्या हिवाळ्यांत ह्या माणसाने थंडीतली आग पेटवली ती फक्त धुरासाठी. उबेसाठी आग कशी करतात, ते त्याला येतच नव्हतं. पुस्तकात नुसतं लिहिलं होतं, त्याने शेकोटी पेटवली. कशी ते लेखकाने लिहिलं नव्हतं, कारण ते सगळ्यांनाच येतं असं त्याला वाटलं असणार.

"शेकोटी करी राहिन्थू," नाना म्हणाले. आवाज इतका बारीक की तो नानांचा वाटेना. "तुनाकरता."

अक्कांनी डबा ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि त्या कामाला लागल्या. काठीने ओला पाला बाजूला ओढला, झावळ्या फेकल्या. घरामागे पऱ्हाटीची मोळी होती, कपाशीच्या वाळक्या काड्यांची, ती मला आणायला लावली. काड्या अशा रचल्या की मधून वारा खेळेल. एक फुंकर मारली आणि जाळ वर आला, स्वच्छ, पिवळा. धूर गल्लीतून निघून गेला. पारसभाऊ नाकाला टॉवेल लावून फाटकाशी आले, जाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "भरीत आहे का? मग आधी सांगायचं ना."

भरीत नव्हतं, पण ते ऐकल्यावर अक्कांना राहवेना. त्यांनी पारसभाऊंनाच दुकानातून वांगी आणायला पिटाळलं आणि ती जाळावर टाकली. नाना प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. कधी मांडीवर ठेवत, कधी जाळापुढे धरत. अक्का वांगी फिरवत होत्या.

"आते बोला," अक्का जाळाकडे बघतच म्हणाल्या. "कॉफी झायी, शाल झायी, गल्ली धूरखाल घाली. काय बोलानं शे ते तोंडघाई बोला."

मी उठायला लागले तर अक्का म्हणाल्या, "बस माय. तुले बठ्ठं माहीत शे." मी बसले.

नानांनी एक काडी जाळात सारली. मग जाळाकडेच बघत म्हणाले, "तू गयी म्हनजे मी घरमां काय करू? केळीबी नही, तूबी नही." हात परत मांडीवर घेत पुढे म्हणाले, "मन लागाव नही माले."

मला वाटलं अक्का आता फटकारतील. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं, हक्क होता त्यांचा. त्या उठल्या आणि आत गेल्या. नानांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत परीक्षेला बसलेल्या पोराची भीती होती. आतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. अक्का बाहेर आल्या त्या तीच शाल अंगावर घेऊन, सकाळी जिला नारळ विचारला होता ती. बॅगेत अगदी खाली घातलेली असावी, कारण तिच्यावर घड्या उमटल्या होत्या.

"रेखाले फोन लाव माय," त्या मला म्हणाल्या. "म्हन, आई यंदा येत नही. बाबाले जाळ कराले शिकाडानं शे."

वांग्याची सालं तडकली. नाना पुढे वाकले आणि एक वांगं हाताने उचलायला गेले, चटका बसला, आणि अक्कांनी त्यांचा हात धरून तांब्यातल्या पाण्यात बुडवला. तो हात बराच वेळ पाण्यात राहिला. मी रेखाशी बोलत होते, पण लक्ष माझं तिकडेच होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर नाना कितीतरी दिवस वाचनालयात फिरकले नाहीत. सकाळी ओट्यावर दोघं उन्हात बसलेली दिसायची. अक्का शेंगा फोडायच्या, नाना ट्रकांना नावं ठेवायचे, आणि अक्का "राहू द्या आते" म्हणायच्या. लाल बॅग माळ्यावर गेली. गल्लीतल्या बायकांची मात्र पंचाईत झाली. अक्कांची रिक्षा न गेल्यामुळे स्वेटर नेमके कधी काढायचे ते कुणाला कळेना.

संक्रांत उलटल्यावर नाना आले. तिळगूळ दिला, शेकोटीचं पुस्तक काउंटरवर ठेवलं. खूण अर्ध्यावरच होती.

"नाना, शेवट वाचला नाहीत? तिची गाडी चुकते ना शेवटी?"

"चुकी व्हई," नाना म्हणाले. त्यांना त्यात आता रस नव्हता. ते कपाटापाशी गेले, एक पुस्तक मध्येच उघडलं, उभ्याउभ्या दोन पानं वाचली आणि मिटलं. दुसरं काढलं, तेही मिटलं. दारात अक्का पिशवी घेऊन उभ्या होत्या, बाजाराला निघालेल्या, आणि आत यायला तयार नव्हत्या.

नाना माझ्याकडे वळले आणि दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणून विचारलं, "माय, उन्हाळानं शे का काही?"

"नाही नाना. उन्हाळ्यातलं प्रेम कुणी लिहीत नाही."

नानांनी हातातलं पुस्तक कपाटात सरकवलं. थंडीचं त्यांना जमलं होतं, आणि आता त्यांना पुढची काळजी लागली होती.

"मंग कोनले तरी लिखाले सांग," ते म्हणाले. "मे महिना काय थांबनार शे का?"